ओरडायचं कुणासाठी?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त फिलाडेल्फियाजवळ राहतो. मागच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. रविवारी दुपारी तिथे अमेरिकन फुटबॉलचे सामने असतात. मुलाच्या ऑफिसातल्या बारा जणांनी मिळून ‘फँटसी फुटबॉल’ची लीग केली आहे, त्यामुळे त्याचा एक डोळा टीव्हीवर आणि एक फोनवर असतो. त्याचे शेजारी साठीतले गृहस्थ आहेत, फिलाडेल्फिया ईगल्सचे पिढीजात चाहते. मुलाशी त्यांचं छान जमतं, पण फँटसीचा विषय निघाला की ते गप्प होतात. एकदा त्यांनी मुलाला सांगितलं, सामना बघायला ये, पण फोन घरी ठेवून ये. मला नवल वाटलं. ज्या गोष्टीमुळे माणूस आणखी सामने बघतो, आणखी खेळाडू ओळखायला लागतो, तिचा पक्क्या शौकिनाला राग का यावा?
— एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : कारणं बरीच आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे. सामना बघताना आपल्याला नेमकं काय व्हायला हवंय, हेच फँटसी बदलून टाकते. तुमच्या मुलाच्या शेजाऱ्यांना रविवारी एकच गोष्ट हवी असते, ईगल्स जिंकावेत. फँटसी खेळणाऱ्याला एकाच वेळी सात-आठ गोष्टी हव्या असतात आणि त्यातल्या काही एकमेकींच्या विरुद्ध जातात. हे समजण्यासाठी आधी फँटसी चालते कशी ते पाहू.

ऑगस्टच्या अखेरीस, हंगाम सुरू होण्याआधी, आठ-दहा-बारा मित्र एकत्र येतात आणि पाळीपाळीने खेळाडू निवडतात. याला ड्राफ्ट म्हणतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांतल्या कुठल्याही संघाचा खेळाडू घेता येतो, पण एकाने घेतला की दुसऱ्याला मिळत नाही. मग दर आठवड्याला खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर जे करतील त्याचे गुण होतात. सर्वसाधारण पद्धतीत धावून किंवा चेंडू झेलून मिळवलेल्या दर दहा यार्डांना एक गुण आणि टचडाऊनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की, सहा. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीच्या दर २५ यार्डांमागे एक गुण आणि टचडाऊनच्या फेकीला चार. त्या आठवड्यात ज्याच्याशी तुमची लढत असेल त्याच्यापेक्षा तुमची बेरीज जास्त झाली की तुम्ही जिंकलात. खेळाडूंचे खरे संघ जिंकले की हरले, याच्याशी या बेरजेचा संबंध नसतो.

आता १६ डिसेंबर २००७ चा सामना घ्या. ईगल्स डलासमध्ये खेळत होते. डलास काउबॉइज म्हणजे फिलाडेल्फियाचे हाडवैरी, आणि त्या वर्षी ते जोरात होते. शेवटची दोनेक मिनिटं उरली होती, ईगल्स १०-६ असे पुढे होते आणि चेंडू त्यांच्याकडेच होता. धावण्याची जबाबदारी असलेला रनिंग बॅक ब्रायन वेस्टब्रुक चेंडू घेऊन सुटला. समोर मोकळं मैदान होतं, टचडाऊन नक्की होतं. एक यार्ड राहिला असताना तो थांबला आणि त्याने गुडघा टेकला.

त्याने असं केलं कारण घड्याळ थांबवण्यासाठीचे डलासचे सगळे टाइमआउट संपले होते. टचडाऊन झालं असतं तर चेंडू डलासकडे गेला असता आणि थोडी का होईना, आशा उरली असती. गुडघा टेकल्यावर चेंडू ईगल्सकडेच राहिला, घड्याळ चालत राहिलं आणि डलासला पुन्हा चेंडूला हात लावायला मिळाला नाही. ही युक्ती वेस्टब्रुकला डावाआधी खेळाडू घोळका करून उभे राहतात तेव्हा जॉन रनयन याने सांगून ठेवली होती. रनयन ऑफेन्सिव्ह लाइनमधला खेळाडू. म्हणजे चेंडूला हात न लावता समोरच्या धिप्पाड माणसांना अडवायचं आणि मागच्या धावणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्याचं काम.

फिलाडेल्फियात हा प्रसंग अजूनही अभिमानाने सांगितला जातो. दुसऱ्या दिवसाच्या मथळ्यात आपलं नाव येणार हे दिसत असताना खेळाडूने ते संघासाठी सोडलं, आणि तेही क्षणार्धात, पूर्ण वेगात धावत असताना. फँटसी लीगांमध्ये मात्र ते बाद फेरीचे दिवस होते. ज्यांच्याकडे वेस्टब्रुक होता त्यांचे सहा गुण त्या एका यार्डावर राहिले. फँटसी खेळणाऱ्यांच्या वर्तुळात तो आजही सर्वांत मोठ्या दुर्दैवांपैकी एक म्हणून आठवला जातो. शेजारच्या गृहस्थांना जे खुपतं ते नेमकं इथे आहे. खेळाडूच्या आयुष्यातला एक सर्वोत्तम निर्णय, आणि तो पाहून हळहळणारी माणसं त्याच खेळाचे चाहते म्हणवतात.

असे प्रसंग नंतरही घडले. नोव्हेंबर २००९ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा मॉरिस जोन्स-ड्रू न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध एक यार्डावर थांबला. संघ एका गुणाने मागे होता. त्यांनी घड्याळ संपत आणलं, शेवटी किक मारली आणि २४-२२ असा विजय मिळवला. सामन्यानंतर जोन्स-ड्रूने फँटसीत आपल्याला घेतलेल्यांची माफी मागितली. ती हलक्याफुलक्या सुरात असेल, पण संघाला जिंकून दिल्यावर खेळाडूला दुसऱ्या कुणापुढे दिलगिरी व्यक्त करावीशी वाटते, यातच किती बदल झालाय ते दिसतं.

याची दुसरी बाजू टॉड गर्ली या एकाच खेळाडूच्या दोन सामन्यांत पाहायला मिळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून ग्रीन बेविरुद्ध खेळताना तो चौथ्या यार्डाजवळ मुद्दाम थांबला आणि रॅम्सनी सामना २९-२७ असा खिशात घातला. दोन वर्षांनी तो अटलांटाकडे होता. डेट्रॉइटविरुद्ध तसाच प्रसंग आला. या वेळीही तो थांबू पाहत होता, पण तोल गेला आणि टचडाऊन झालं. अटलांटा पुढे गेलं, पण घड्याळात मिनिटभर उरलं होतं. डेट्रॉइटने तेवढ्यात मैदान पार केलं आणि शेवटच्या क्षणी २३-२२ असा सामना जिंकला. फँटसीच्या हिशेबात २०१८ चा गर्ली चुकला आणि २०२० च्या गर्लीला सहा गुण मिळाले. खेळाच्या हिशेबात नेमकं उलटं आहे.

अमेरिकन फुटबॉल हा एका अर्थी सगळ्यात सांघिक खेळ आहे. अकरा माणसांनी ठरलेली हालचाल एकाच क्षणी केली तरच चेंडू पुढे सरकतो. त्या अकरांपैकी पाच जण ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये असतात आणि फँटसीत त्यांच्या कामाला गुणच नाहीत. ईगल्सचा जेसन केल्सी १३ हंगाम या लाइनच्या मध्यभागी उभा राहिला. गर्दीत पुढे घुसून मागच्याला वाट करून देण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे होते. शेवटच्या एका यार्डासाठी ईगल्स एक डाव वापरतात. त्यात लाइन पुढून ढकलते, बाकीचे मागून ढकलतात आणि क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स रेषेपलीकडे जातो. मैदानावर ते अकरा जणांचं टचडाऊन असतं. फोनवर हर्ट्सच्या नावापुढे सहा गुण दिसतात. बचावात प्राण ओतणाऱ्यांचंही असंच आहे. बहुतेक लीगांत अख्खा बचाव एकच खेळाडू धरला जातो. ज्याने वर्षानुवर्षं बघून लाइनची हालचाल वाचायला शिकून घेतलं, त्याला ही गुणपद्धत म्हणजे खेळातला अर्धा भाग पुसून टाकणं वाटते. त्याच्या बाजूने विचार केला तर त्याचं म्हणणं पटतं.

प्रशिक्षकाच्या निर्णयांबद्दलही हेच. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा जोनास ग्रे हा फारसा कुणाला माहीत नसलेला खेळाडू इंडियानापोलिसविरुद्ध २०१ यार्ड धावला आणि चार टचडाऊन करून गेला. फँटसीवाल्यांनी त्याला घ्यायला धाव घेतली. त्याच आठवड्यात तो झोपून राहिल्यामुळे सरावाला उशिरा पोचला आणि पुढच्या सामन्यात प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. पेट्रियट्सच्या चाहत्यांना संघाची शिस्त कशी चालते याचा तो धडा वाटला. ज्यांनी ग्रेवर आठवडा लावला होता त्यांच्या वाट्याला फक्त शून्य आलं.

दुसरी तक्रार बघण्याच्या पद्धतीबद्दल आहे. सामना ही तीन तासांची गोष्ट असते. पहिल्या सत्रात एखादा डाव फसतो, तो प्रतिस्पर्ध्याच्या मनात राहतो आणि शेवटच्या सत्रात त्याच डावाचा फसवा अवतार टचडाऊन मिळवून देतो. ही वीण कळायला एकच सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघावा लागतो. २००९ पासून एनएफएलची ‘रेडझोन’ ही वाहिनी आहे. ज्या सामन्यात गुण व्हायची शक्यता दिसते तिथे ती लगेच उडी मारते. फँटसी खेळणाऱ्यांसाठी ती फार सोयीची, कारण त्यांचे खेळाडू सात सामन्यांत विखुरलेले असतात. पण दुपारभर टचडाऊनच बघितलेल्या माणसाला विचारलं की अमका सामना कसा झाला, तर त्याला आकडे सांगता येतात, गोष्ट सांगता येत नाही. आणि चाहत्याला सोमवारी सकाळी बोलायला गोष्टच हवी असते. शेजाऱ्यांनी फोन घरी ठेवायला सांगितला तो यासाठी. त्यांना सोबत हवी आहे, आणि सोबत म्हणजे दोघांनी एकाच क्षणी एकाच कारणासाठी खुर्चीतून उठणं. मुलाकडे डलासचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू, असेल तर डलासच्या टचडाऊनवर त्याच्या तोंडून नकळत हुंकार निघणार. तो शेजाऱ्यांना ऐकू येतो.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे आणि ती खेळाडूंनी स्वतः केलेली आहे. या खेळात दुखापती रोजच्या आहेत. गुडघे जातात, खांदे निखळतात, डोक्याला वारंवार मार बसतो. ऑगस्ट २०११ मध्ये ह्यूस्टनचा एरियन फॉस्टर याच्या मांडीचा स्नायू दुखावला. आदल्या हंगामात तो लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावला होता, त्यामुळे फँटसीत त्याला मोठी मागणी होती. आपली मनापासून काळजी करणाऱ्यांना त्याने ट्विटरवर कळवलं की मी बरा आहे, आणि ज्यांना फक्त आपल्या फँटसी संघाची चिंता पडली होती त्यांना कडक शब्दांत सुनावलं. २०२३ च्या सप्टेंबरात मिनेसोटाचा रनिंग बॅक अलेक्झांडर मॅटिसन याला एका सामन्यानंतर वर्णद्वेषी शिव्यांचे ढीगभर संदेश आले. ते त्याने जाहीर केले, आणि त्याचा क्लब व लीग दोघांनीही त्या प्रकाराचा निषेध केला. आपण कुणाच्या तरी बेरजेतला आकडा झालो आहोत, ही भावना खेळाडू आता उघड बोलून दाखवतात.

२ जानेवारी २०२३ ची रात्र अमेरिकेतले चाहते विसरणार नाहीत. सिनसिनाटीत बफेलो बिल्सचा डॅमार हॅमलिन एका धडकेनंतर उठला आणि पुन्हा कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानावरच त्याला छाती दाबून जिवंत ठेवावं लागलं. त्याचे सहकारी गुडघ्यांवर बसून रडत होते. सामना थांबवला गेला आणि नंतर रद्द झाला. त्या आठवड्यात बहुतेक फँटसी लीगांची अंतिम फेरी होती, आणि थांबलेल्या सामन्यातल्या खेळाडूंचे गुण धरायचे कसे, हा प्रश्न खरोखरच हजारो लोकांपुढे उभा राहिला. अनेकांनी विजेतेपद वाटून घेतलं. त्याच काळात हॅमलिनच्या खेळणी-वाटपाच्या उपक्रमासाठी लोकांनी ऐंशी लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. त्याचं मूळ उद्दिष्ट फक्त अडीच हजार होतं. देणाऱ्यांत फँटसी खेळणारेही भरपूर असणार. फँटसी खेळणारा माणूस निर्दय असतो असं कुणी म्हणू नये. पण माणूस जमिनीवर निपचित पडलेला असताना गुणांचा विचार मनात येऊ शकतो अशी रचना ही पद्धत करून ठेवते. आपल्याला तसा विचार शिवूच नये असं ज्यांना वाटतं, ते तिच्यापासून लांब राहतात.

राहिला पैसा. एप्रिल १९६३ मध्ये एनएफएलचे आयुक्त पीट रोझेल यांनी सामन्यांवर पैज लावल्याबद्दल ग्रीन बेचा पॉल हॉर्नंग आणि डेट्रॉइटचा अ‍ॅलेक्स कॅरस या दोन नावाजलेल्या खेळाडूंना बाहेर बसवलं. पैज आणि खेळ यांच्यात भिंत हवी, हे जुन्या चाहत्यांच्या मनावर तेव्हापासून कोरलेलं आहे. २००६ च्या कायद्याने इंटरनेटवरच्या जुगाराचे पैसे अडवले, पण फँटसीला वगळलं. त्या वाटेने २००९ मध्ये फॅनड्युएल आणि २०१२ मध्ये ड्राफ्टकिंग्ज आले. त्यांच्याकडे वर्षभराची लीग नसते, एका दिवसाचा संघ असतो आणि खरे पैसे लागतात. २०१५ च्या हंगामात त्यांच्या जाहिरातींचा इतका मारा झाला की सामना बघणं अवघड झालं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सट्टेबाजी खुली करायची मोकळीक दिली आणि २०२१ मध्ये एनएफएलने याच कंपन्यांना अधिकृत भागीदार करून घेतलं. पुढच्याच वर्षी पैज लावल्याबद्दल अटलांटाच्या कॅल्विन रिडलीला अख्ख्या हंगामासाठी निलंबित केलं. खेळाडूला बंदी योग्यच होती. पण चाहत्याला भिंतीच्या एका बाजूला नियम आणि दुसऱ्या बाजूला जाहिराती दिसतात, आणि ऑफिसातली निरुपद्रवी लीग त्याला त्या रस्त्याची पहिली पायरी वाटते.

तरीही पैसा हे मूळ कारण नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची अधिकृत फँटसी फुकट आहे, आणि तिथल्या फुटबॉलमधल्या जुन्या चाहत्यांची तक्रार हीच आहे. मँचेस्टर युनायटेडचा पाठीराखा प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या एर्लिंग हालांडला आपल्या फँटसी संघाचा कर्णधार करतो आणि सिटीच्या गोलवर सुखावतो, हे त्याच्या वडिलांच्या पिढीला सहन होत नाही.

तुमच्या मुलाच्या शेजाऱ्यांनी १९६० नंतरचं ईगल्सचं पुढचं विजेतेपद २०१८ च्या फेब्रुवारीत पाहिलं. ज्यांचं जवळजवळ अख्खं आयुष्य अशी वाट पाहण्यात गेलं, त्यांच्यासाठी रविवारचे तीन तास करमणुकीपेक्षा मोठे असतात. मुलाला सांगा, अधूनमधून फोन ठेवून जात जा. फँटसीचे गुण रात्रीही बघता येतात.

प्रश्न : शिकागोत शिकत असताना मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. वर्गातल्या मैत्रिणींनी फँटसी लीगमध्ये ओढलं आणि दोन महिन्यांत मी नियम, खेळाडू, डावपेच सगळं शिकले. आमची लीग अजून चालू आहे, आम्ही आता पाच शहरांत विखुरलो आहोत. फँटसीला नावं ठेवणं हा आधीपासून आत असलेल्यांनी बाहेरच्यांना दार बंद करण्याचा प्रकार नाही का?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : काही जणांच्या बाबतीत असेलही, आणि तेवढ्यापुरतं तुमचं रागावणं बरोबर आहे. ज्याच्या आजोबांनी स्टेडियमची तिकिटं राखली नाहीत, ज्याचं गाव त्या देशात नाही, त्याने संघ निवडायचा कसा? अमेरिकेत गेलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींना सोमवारी सकाळी ऑफिसातल्या गप्पांत शिरायला फँटसीने वाट करून दिली. मित्रमंडळ टिकवण्याचं कामही ती चोख करते. वर्षभर फोन न करणारी माणसं ड्राफ्टच्या दिवशी हजर होतात.

चाहत्यांची निष्ठा क्लबांचे मालक किती जपतात, हाही प्रश्न तुमच्या बाजूचा आहे. फँटसी फुटबॉलचा जन्म ओकलंडचा. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्सचा संघ १४ पैकी १३ सामने हरला. त्या हंगामात संघाबरोबर न्यूयॉर्कला गेलेले संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी दोघा सहकाऱ्यांसोबत हॉटेलात बसून या खेळाचे नियम लिहिले. पुढच्या वर्षी, म्हणजे हॉर्नंग आणि कॅरसवर बंदी आली त्याच १९६३ मध्ये, त्यांच्या घरी आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. त्या लीगमध्ये सरसकट कुणालाही प्रवेश नव्हता. रेडर्स तेव्हा ज्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायचे, तिच्या कारभारात तुम्ही असायला हवं, किंवा फुटबॉलवर लिहिणारे पत्रकार, नाहीतर रेडर्सची हंगामाची दहा तिकिटं तरी विकलेली वा विकत घेतलेली असायला हवीत. म्हणजे पहिली फँटसी लीग खऱ्या संघाच्या प्रेमात बुडालेल्या माणसांची होती आणि तिने त्या संघाच्या खुर्च्या भरायला मदत केली. पुढे रेडर्सच्या मालकांनी १९८२ मध्ये संघ लॉस एंजेलिसला नेला, १९९५ मध्ये परत आणला आणि २०२० मध्ये लास वेगासला हलवला. ओकलंडच्या माणसाने आता रविवारी कुणासाठी ओरडायचं? त्याने मित्रांबरोबर फँटसी खेळली तर त्याला बोल लावायचा अधिकार कुणालाच नाही.

पण याच एनएफएलमध्ये ग्रीन बे आहे. विस्कॉन्सिनमधलं लाखभर वस्तीचं गाव. तिथल्या पॅकर्स संघाला मालक नाही. १९२३ पासून तो लोकांच्या भागभांडवलावर चालतो. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, तरी लोक ते घेतात, कारण संघ गावातून कधी जाऊ नये एवढंच त्यांना हवं असतं. फँटसी न आवडणाऱ्या माणसाच्या मनात हे नातं असतं. हंगाम वाईट गेला तरी संघ सोडायचा नाही, खेळाडू अपयशी ठरला तरी तो आपला. फँटसीत मंगळवारी खेळाडू काढून टाकता येतो, आणि चांगलं खेळायचं तर काढावाच लागतो. यातून खेळाचं ज्ञान वाढतं, हे तुमच्या अनुभवावरून खरं आहे. सोबत राहायची सवय मात्र यातून लागत नाही, आणि चाहता असण्याचा गाभा ती सवय आहे.

माझं म्हणणं एवढंच की फँटसीच्या दाराने आत आलात, छान झालं. आता शिकागोचा संघ, बेअर्स, निवडून बघा. एक हंगाम त्यांचा प्रत्येक सामना पूर्ण बघा, हरलेलेसुद्धा. चाहता होण्याच्या दुसऱ्या भागाशी तेव्हा ओळख होईल.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर आपल्याकडे ड्रीम इलेव्हन या फँटसी क्रिकेटच्या ॲपवरचे पैशांचे सामने बंद झाले. म्हणजे क्रिकेटच्या चाहत्यांपुरता हा वाद मिटला, असं समजायचं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पैशांचा भाग मिटला आणि ते फार चांगलं झालं. ड्रीम इलेव्हन २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी. भारतीय संघाच्या जर्सीपर्यंत ती पोचली होती आणि कायदा आल्यावर काही दिवसांतच ते प्रायोजकत्व संपलं. ज्यांच्या घरात पगार या नादात गेला त्यांना हा कायदा किती मोलाचा वाटला असेल ते सांगायला नको.

पण मूळ प्रश्न कायद्याने सुटणारा नाही. क्रिकेटच्या फँटसीत दोन्ही संघांच्या बावीस खेळाडूंमधून अकरा निवडायचे असतात. म्हणजे समोरच्या संघाचे फलंदाज घ्यायचे आणि त्यांनी धावा कराव्यात म्हणून आशा धरायची. पैसे लावा किंवा लावू नका, मन दोन्हीकडे ओढलं जातंच.

आणि हे खापर सगळं फँटसीवर फोडणंही प्रामाणिकपणाचं होणार नाही. मार्च २००४, मुलतान. सचिन तेंडुलकर १९४ वर नाबाद होता आणि हंगामी कर्णधार राहुल द्रविडने ६७५ वर डाव घोषित केला. द्विशतक सहा धावांवर राहिलं. भारताने तो कसोटी सामना एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. आपल्याकडे आजही त्या दिवसाचा वाद होतो तो सहा धावांचा, विजयाची आठवण नंतर निघते. तेव्हा कुणाच्या फोनवर फँटसी नव्हती. खेळाडूच्या आकड्यात अडकायची ओढ आपल्यात आधीपासून होती. फँटसीने त्या ओढीला गुणफलक दिला, साप्ताहिक वेळापत्रक दिलं आणि पुढे तिच्यावर पैसे लावायची सोय करून दिली.

म्हणून मला वाटतं, फँटसी नावडणाऱ्यांचं म्हणणं सगळ्या खेळशौकिनांनी एकदा तरी नीट ऐकावं, खेळत असाल तरीही. वेस्टब्रुक एक यार्डावर थांबला ते बघून ज्याला आनंदाने ओरडावंसं वाटतं, तो खेळ बघतो आहे. द्रविडचा निर्णय पटो वा न पटो, त्यामागे विजयासाठी वेळ हवा हा विचार होता हे ज्याला दिसतं, तोही खेळ बघतो आहे. ही नजर लहानपणी घरातल्या मोठ्यांकडून मिळते. पुढच्या वेळी मुलांबरोबर सामना बघायला बसाल तेव्हा कुणाच्या किती धावा झाल्या, यासोबत कुणी कुणासाठी धाव सोडली, कुणी चेंडू अडवायला स्वतःला झोकून दिलं, कुणी दुसऱ्याला स्ट्राइक देऊन बाजूला उभं राहणं पसंत केलं, हेही त्यांना दाखवा. ते बघायला मुलं शिकली, तर त्यांच्या फोनमध्ये कुठलं ॲप आहे याची फार चिंता करावी लागणार नाही.